मागचा चौकोन

हिंगण्याहून बर्डीला येणाऱ्या विजेवरच्या नव्या बसमध्ये
ड्रायव्हरच्या पाठीशी टीव्ही टांगलाय.
आधी सोन्याच्या दुकानाची जाहिरात,
मग गुडघेदुखीचं तेल,
मग चार चौकोन :
समोर, मागे, दार, आत.

आतल्या चौकोनात मी असते, वरून.
भांग इतका रुंद झालाय
हे घरच्या आरशानं कधी सांगितलं नव्हतं.
मी पदर सारखा केला
की चित्रातली मी दोन क्षण थांबून करते,
साहेबानं दुसऱ्यांदा हाक मारल्यावर
उठणाऱ्या शिपायासारखी.

त्या दिवशी टी-पॉइंट सुटला तेव्हा सव्वासहा झालेले.
मे महिना. बाहेर अजून बेचाळीस.
पॅकिंगच्या दुपारनं पाय सुजलेले
आणि मागच्या चौकोनात एक पोट्टा, सायकलवर.

आधी कोणी पाहिलं नाही.
मग पौनीकर काका म्हणाले, "हा आपल्या मागं लागून राह्यला का?"
सीटवर टेकत नव्हता तो.
उभ्यानं पायडल मारायचा,
शर्ट फुग्यासारखा भरलेला,
हँडलला काहीतरी निळं, डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे.
वॉटरबॅग असेल, मी म्हटलं.

सुभाषनगरला तो बोटाएवढा झाला.
सिग्नलनं त्याला पुन्हा हाताएवढा केला.
मोबाइल खाली गेले. कॉलेजची दोन पोरं उभी राहिली :
"काय दाबून राह्यला बे!"
काकांनी दहाची नोट काढली :
अंबाझरीच्या पुढं नाही टिकत.
रंजू उईके, कंडक्टर,
तिकिटाची मशीन मांडीवर ठेवून म्हणाली, टिकते.
आणि मीसुद्धा, मीसुद्धा टाळी वाजवली.
वर, चौकोनात, दोन क्षणांनी वाजली.

नेमका तेव्हा तळ्याजवळ तो ट्रक मधे शिरला,
आणि टीव्हीवर सोनं आलं.
बांगड्या. तोडे. एक नवरी, हळूहळू मान वळवणारी.
"अरे लावा नं मागचं!"
पण कोणाला लावता येत नव्हतं,
ते आपोआप येतं, आपोआप जातं.
मग सगळ्यांनी एकदम मागे वळून पाहिलं.
मागच्या काचेवर बाहेरून जाहिरात चिकटवलेली.
तीच नवरी, आतून उलटी, बारीक भोकाभोकांची,
आणि प्रत्येक भोकात थोडंथोडं ऊन.

गुडघेदुखीचं तेल संपलं.
मागच्या चौकोनात फक्त रस्ता.
ट्रकही नाही.
काका नोटेची घडी घालायचं विसरले.
बसमध्ये एसीचा आवाज होता, इतके दिवस तो कधी ऐकला नव्हता.

शंकरनगरच्या थांब्यावर दारावर थाप पडली.
रंजूनं दार उघडलं,
आधी गरम हवा चढली, मग तो,
एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर.
ओठांवर मीठ वाळलेलं.
पंक्चरच्या दुकानातला तो, मी रोज पाहते त्याला,
म्हणजे रोज त्याच्यासमोर उभी असते.
"मावशी, तुमचा डबा. बाकावरच राह्यला होता."

निळी पिशवी.
माझीच, मीच शिवलेली, जुन्या परकराची,
नाडीला गाठ माझ्या हातची.
पाच किलोमीटर ती माझ्या डोळ्यांसमोर हेलकावे खात आली
आणि मी टाळ्या वाजवत होते.

आत डबा होता रिकामा,
आणि झाकणात दडवलेला पगार, हे त्याला माहीत नव्हतं.
का माहीत होतं.

मी पिशवी घेतली.
काहीतरी म्हणायचं होतं ते घशात गोळा होईपर्यंत
दार मिटलं, बस सुटली.
काकांनी नोट रंजूला दिली, तिनं ती परत त्यांच्या खिशात कोंबली.

मी वर पाहिलं.
दाराच्या चौकोनात तो अजून होता,
अजून हात पुढे,
माझा हात अजून पोचायचा होता.
तेवढ्यात म्हटलं मी,
टीव्हीकडे बघून, मोठ्यानं,
"बाबू, नाव काय रे तुझं?"